वीतभर साफ केलेला खुंट

मास्टरसाब, तुम्ही दिलेलं झाड तोडायचं म्हणून माझा मुलगा माझ्या मागे लागला आहे. विहिरीवर नवी मोटार बसली, तिला खोली हवी, आणि खोलीला सोयीची जागा नेमकी तीच. त्याचं चुकत नाही. मोसंबीच्या बागेच्या तोंडाशी आंबटढाण जंबेरी लिंबाचं झाड कशाला राखायचं? काटे तर असे की शेळीसुद्धा वळसा घालून जाते. पण तोडण्याआधी मला त्या झाडाच्या बुडाशी एक गोष्ट बघायची होती. दिवाळी झाल्यावर ती बघितली, आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. बोलण्यात धार आली आहे, असं घरचे म्हणतात. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, हे मला ठाऊक आहे. हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा नाही, हेही ठाऊक आहे. पण जे विचारायचं ते तुम्हालाच विचारण्यासारखं आहे. दुसऱ्या कोणाला त्यातलं काही कळायचं नाही.

लोक मला विचारतात, कलमाचा डोळा भरायला तुम्ही कोणाकडे शिकलात? भोकरदनकडचे येतात, पार परतूरकडून गाडी करून येतात, माझी रोपं नेतात आणि जाताना हे विचारतात. मी सांगतो, कोणाकडे नाही. माझं मी शिकलो. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता मुलगाच माझ्याआधी सांगतो. आणि ते खरं आहे. तुमच्या शाळेच्या बागेत मी सगळी कामं केली, पण डोळा भरायचा चाकू तुम्ही एकदाही माझ्या हातात दिला नाही. दिला तो फक्त धार लावायला. मी त्या चाकूच्या लायक नव्हतो असं तुम्हाला वाटत होतं का, एवढाच माझा प्रश्न आहे. इतक्या वर्षांनी माणूस असा प्रश्न विचारत नाही, मलाही कळतं. पण दिवाळीपर्यंत मी याचं उत्तर गृहीत धरून चाललो होतो, आणि आता ते गृहीत धरता येत नाही.

निजामाचं राज्य होतं. तालुक्याच्या शाळेत सगळं उर्दूत. मी राजूरकडच्या खेड्यातला, आत्याकडे राहून शिकणारा. घरी मराठी, वर्गात उर्दू, आणि तुमच्या बागेत दोन्हीची खिचडी. हिसाब तुम्हीच शिकवायचात आणि दुपारनंतरचा बागबानीचा तासही तुमचाच. शाळेच्या मागे विहीर होती, तिच्या अंगाला वाफे. बागेत शिरण्याआधी तुम्ही काळी शेरवानी काढून कडुलिंबाच्या फांदीला अडकवत होता. टोपी मात्र डोक्यावरच. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या की वर्गातले मास्टरसाब संपायचे आणि दुसराच कोणी सुरू व्हायचा. वर्गात तुम्ही खूप बोलायचात. पाढा चुकला तर आमच्या सात पिढ्यांपर्यंत जायचात. बागेत मात्र शब्द तोलून, निम्मं वाक्य तोंडात आणि निम्मं हातात. मला तेव्हा ते फार मोठं वाटायचं. आता वाटत नाही. आता वाटतं, उरलेलं निम्मं बोलायला काय झालं होतं?

मला दिलेली कामं मी आजही डोळे मिटून करीन. जंबेरीची पिकली फळं पिळून बी काढायचं, राखेत चोळून त्याचा बुळबुळीतपणा घालवायचा, सावलीत कोरडं करायचं, उन्हात नाही. आणि ठेवून न देता लगेच लावायचं, कारण हे बी सुकलं की संपलं. रोपं हातभर झाली की निवडायची. त्यांच्यात एक रोप होतं, माझं लाडकं. बाकीच्यांपेक्षा चांगलं दोन वितींनी उंच, सरळसोट. मी त्याला मुद्दाम जास्त पाणी घालायचो. निवडायच्या दिवशी तुम्ही वाफ्याच्या कडेला उकिडवे बसला होता आणि विचारलंत, "सबसे ऊँचा कौनसा रे?" मी मोठ्या तोऱ्यात ते दाखवलं. तुम्ही म्हणालात, "तो आधी उपट." मला वाटलं, गंमत करताय. मी म्हटलं, "मास्टरसाब, सगळ्यात चांगलं तेच हाये." तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चांगला कोण, तू सांगणार? एकसारखे रख. लई मोठा नको, लई छोटा नको. जल्दी कर." मी ते उपटलं. मुळं पांढरी शुभ्र होती. घरी येऊन जेवलो नाही. जंबेरीच्या रोपांत जे एकसारखे वाढतात ते आईच्या जातीचे, आणि जो एकटाच उंच जातो तो भलत्या जातीचा असतो, त्याच्यावर भरलेल्या झाडाचा भरवसा धरता येत नाही, हे मला पुढे माझ्याच रोपवाटिकेत दोनशे खड्डे वाया घालवून कळलं. एका वाक्यात सांगण्यासारखं होतं, मास्टरसाब. एका वाक्यात.

मग तो थंडीतला दिवस. तोपर्यंत मी वाढवलेली जंबेरीची रोपं पेन्सिलीएवढी जाड झाली होती. अशा रोपाला खुंट म्हणतात, हे तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. खाली जंबेरीचा खुंट, त्याच्या सालीत मोसंबीचा एक डोळा बसवायचा, तो लागला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटायचा, म्हणजे मूळ जंबेरीचं आणि झाड मोसंबीचं. प्रत्येक खुंटाचे जमिनीपासून वीतभर काटे आणि फुटवे काढून मीच बूड साफ केलं होतं. तुम्ही ओल्या गोणपाटातून मोसंबीच्या काड्या काढल्या. गोल काडी, अंगावर पांढरट रेघा असलेली. कोनाकोनाची हिरवी कवळी नको. खुंटावर आडवी चीर, तिच्या मध्यातून खाली उभी चीर. साल दोन्हीकडे दरवाजासारखी उघडली. काडीवरून डोळा असा काढलात की पानाचा देठ मुठीसारखा राहिला, त्या देठाला धरून डोळा आत सरकवला, आणि केळीच्या खोडाच्या सोपटानं खालून वर बांधत आलात, डोळा तेवढा उघडा ठेवून. मी नाक लावून बघत होतो. "क्या रे, नाक से देखता क्या? पीछे हो," असं तुम्ही म्हणालात तेव्हा सगळे हसले. दुसरा डोळा काढलात तो मी तुम्हाला द्यायला म्हणून उचलला, आणि माझा अंगठा त्याच्या आतल्या ओल्या बाजूला लागला. तुम्ही माझ्या हातावर फाडकन मारलंत. "हात लावला? मर गया वो! आतलं पाणी पुसलं की मेला, फेक." आणि मग चाकू पुढे केलात. माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे उभ्या असलेल्या, तहसिलीतल्या पेशकाराच्या मुलाकडे. ज्यानं एकदाही वाफ्याला पाणी घातलं नव्हतं, ज्याच्या चपलेला कधी चिखल लागला नव्हता, त्याच्याकडे. त्यानं सहा डोळे भरले. मला म्हणालात, "तू चाकू को धार लगा. हे काम तुझं चांगलं आहे."

त्या दिवसापासून आत्याच्या चुलीशी बसून मी काय केलं, हे तुम्हाला ठाऊक नाही. आत्यानं भाजीला काढून ठेवलेली वांगी घ्यायची आणि विळीच्या टोकानं त्यांच्या सालीवर आडवी चीर, उभी चीर, सालीचे दोन दरवाजे अलगद उघडायचे. आत्या भाकरी थापता थापता बघायची. "वांग्याला काय करून राह्यला रे? चिरायचं तर चिर, न्हाई तर ठिव. त्याच्यावर पोथी लिव्हायची का?" मी म्हटलं, "डोळा भरून राह्यलो." ती म्हणाली, "मंग भर बाबा. आमच्या वांग्याला तेवढंच दिसंल तरी." त्या सालभर आमच्या घरी भरली वांगी झाली ती माझ्या चिरांच्या मापानं. पण वांगं म्हणजे खुंट नव्हे. वांग्याची साल मेल्यासारखी असते. खुंटाची साल धारेच्या टोकाखाली कशी सुटते, ते बोटांना कळावं लागतं, आणि बोटांना ते कळू देणं तुमच्या हातात होतं. मी पुढे दोनदा तोंडानं मागितलं. "मास्टरसाब, एक डोळा मला भरू द्या." पहिल्या वेळी तुम्ही "देखेंगे" म्हणालात. दुसऱ्या वेळी तेही नाही.

मग निजामाचं राज्य गेलं ते साल आलं. शाळा कधी भरायची, कधी नुसतीच उघडी असायची. हाजिरीला निम्मी मुलं. गावोगावची माणसं बाया-पोरांना सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात पाठवून राहिली होती, आणि तुमच्या गल्लीतली माणसंही सामान बांधून राहिली होती. कोण कोणाला भीत होतं, ते सगळं मला तेव्हा कळत नव्हतं. पण घाई कळत होती. तुमची बैलगाडी शाळेच्या मागे उभी होती. जालन्याला स्टेशन गाठायचं होतं. तुम्ही कुंड्यांतली रोपं वाटून टाकत होता. हे याला, ते त्याला. बागेत असूनही शेरवानी अंगात होती, हे मी पहिल्यांदा बघितलं. माझ्या हातात तुम्ही एक रोप दिलंत. जंबेरीचाच शेंडा, ताजा टवटवीत. खालचं वीतभर खोड सोपटानं दाट गुंडाळलेलं. मला आनंद झाला, कारण नुकताच डोळा भरलेलं रोप जवळपास असंच दिसतं. डोळा लागेपर्यंत शेंडा छाटायचा नसतो. देठ दिसत नव्हता, पण मी समजलो, वाटेत धक्का लागू नये म्हणून मोसंबीचा डोळाही आत झाकला आहे. आणि तुम्ही काय बोललात? "मुळाची माती हलू देऊ नको. आडवं नको धरू. ऊन लागू देऊ नको." मातीबद्दल तीन वाक्यं! बागेत मला एका दमात तीन वाक्यं त्याआधी कधी मिळाली नव्हती. आणि त्या तिन्हींत खोडाबद्दल एक अक्षर नाही.

ते रोप मी उभं धरून, छातीशी लावून गावच्या घरापर्यंत चालत आणलं. दुसऱ्याच दिवशी मायनं आम्हा भावंडांना घेऊन वऱ्हाडात मामाचा गाव गाठला. रोप मागे राहिलं. वडिलांनी ते लावलं, आणि आमच्याकडे सगळे लावतात तसंच लावलं. वाऱ्यानं पडू नये म्हणून चांगलं खोल, बुडाशी मातीचा ढीग, सोपटासकट पुरून. आम्ही परतलो तेव्हा राज्य बदललं होतं आणि झाड माझ्या कमरेला आलं होतं. मी हातानं माती उकरली. सोपट कुजून त्याचा काळा चिखल झाला होता. मी वडिलांवर ओरडलो, "दादा, डोळा कुजवला तुम्ही! मातीत घातला!" त्यांना डोळा म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. "झाड जित्तं हाये न्हवं? मंग बोंबलतो कशाला?" झाड जितं होतंच. चांगलं जोमानं वाढलं, काट्यांनी भरलं आणि फळावर आलं तेव्हा वडिलांनी पहिलं फळ चावून थुंकलं आणि पारावर जाऊन सगळ्यांना सांगितलं, "माझं पोरगं तालुक्याला एवढं शिकलं, आन् लिंबू घिऊन आलं." माय त्याचं लोणचं घालायची. लोणचं उत्तम व्हायचं. पंगतीला कोणी लोणच्याची तारीफ केली की वडील माझ्याकडे बोट दाखवायचे, "हे ह्याच्या शाळेचं हाये." ते जाईपर्यंत आमच्यात हा डोळ्याचा वाद राहिला. मी म्हणायचो, तुम्ही मारला. ते म्हणायचे, मास्तरानंच मेलेला दिला असंल.

शिकलो मी त्यानंतर. न्हाव्याकडून जुना वस्तरा मागून आणला, त्याला तुमच्या चाकूसारखी धार केली, आणि डोळे भरत सुटलो. पहिल्या सालचे सगळे मेले. का मेले, हे सांगायला कोणी नव्हतं, म्हणून मेलेला प्रत्येक डोळा सोडून उघडून बघायचो. हा बांधताना हलला. ह्याच्यात पाणी गेलं. हा उलटा बसवला. हो, उलटा, हसू नका. ह्याची काडी कवळी होती. हे जे मी लिहितो आहे ते तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि तुम्ही ते माझ्यापासून चार हातांवर बसून करत होता. डोळा लागला की नाही ते कसं ओळखायचं, तेवढं मात्र तुमच्याकडे बघून कळलं होतं: देठाला बोट लावायचं. बोट लावताच देठ अलगद गळून पडला, तर डोळा लागला. देठ वाळून चिकटूनच राहिला, तर आत डोळा मेलेला. पहिल्यांदा एक देठ माझ्या बोटाखाली गळून पडला तेव्हा शेतात कोणी नव्हतं. मी बैलांना सांगितलं.

आज माझ्या हातचे डोळे शंभरात पाच मरत नाहीत. सरकारी माणूस येतो, कागदावरून वाचून दाखवतो, त्याला मी सांगतो की कलमाचा जोड जमिनीपासून वीतभर वर ठेवा आणि खोडाला पाणी लागू देऊ नका, नाही तर डिंक सुटून झाड जाईल; तो मान डोलावतो, आणि त्याच्या डोळ्यादेखत शेतकरी बुडाशी मातीचा ढीग घालतो. माझ्या वडिलांसारखाच. ओरडून माझा घसा बसला आहे. आणि एक गोष्ट, तुम्हाला बरं वाटावं म्हणून नव्हे, नोंद बरोबर असावी म्हणून सांगतो: माझ्या रोपवाटिकेतल्या सगळ्या खुंटांचं बी त्याच आंबट झाडाचं, किंवा आता त्याच्याच बीपासून वाढवलेल्या झाडांचं आहे. रोग नाही, रोपं एकसारखी येतात, मूळ खोल जातं. दुसरीकडचं बी आणून बघितलं, बराबर नाही. मूळ चांगलं म्हणून घेतो, त्यात बाकी काही नाही.

चार-पाच वर्षांमागे जालन्याच्या बाजारात पेशकाराचा मुलगा भेटला. आता त्याचं दुकान आहे. ओळख पटली, चहा मागवला. बोलता बोलता त्यानं गल्ल्यातून चाकू काढून सुतळी कापली, आणि मी चहा ठेवून दिला. तुमचाच चाकू: हस्तिदंतासारखी मूठ, पात्याच्या टोकाशी धार लावताना माझ्या बोटाला लागायचा तो बारीक टवका. "हा कुठून आणलास?" मी विचारलं. "अरे, मास्टरसाबनं दिल्ता ना! जाताना. लई कामाचा हाये. अजून धार गेली न्हाई बघ." मी त्याला म्हटलं, "ती धार माझी हाये." तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा केली. "मंग घिऊन जा बाबा, तुझी धार तेवढी काढून घे, चाकू ठिव." आणि पुढे सहज म्हणाला की तुम्ही हैदराबादला वारलात, फार मागेच, त्याला कोणीतरी सांगितलं होतं. मी विचारलं, "त्यानंतर तू कधी डोळा भरला?" म्हणाला, "कसला डोळा?"

तर हा हिशोब मी असा मांडून ठेवला होता: चाकू त्याला, मला एक डोळा, तोही मातीत मेलेला. दिवाळीनंतर मुलानं झाड तोडायची गोष्ट काढली तेव्हा मी म्हटलं, थांब, आधी बुडाची माती काढू. मला तो मेलेला डोळा एकदा बघायचा होता. फसलेल्या डोळ्याची चीर झाड विसरत नाही. साल मिटते, पण शिवण राहते. खोड जाड होत गेलं की शिवणही रुंदावते, जात नाही. माझ्याकडे अशी जुनी झाडं आहेत, मी रोज बघतो. आम्ही खोल खणलं. मी पाणी ओतून, काथ्यानं घासून खोड चारी बाजूंनी धुतलं. वाकून, मग पालथा पडून बघितलं. मुलगा म्हणाला, "आबा, काय हुडकून राह्यले? काही पडलंय का तुमचं?" खोड स्वच्छ होतं. आडवी चीर नाही, उभी चीर नाही, शिवण नाही. काट्यांच्या जागी जुने बुजलेले ठिपके तेवढे होते, बरोबर वीतभर. म्हणजे त्या खोडात डोळा कधी भरलाच नव्हता, मास्टरसाब. सोपटाच्या आत काही नव्हतं. तुम्ही मला वीतभर साफ केलेला, पेन्सिलीएवढा, भरायला तयार असलेला कोरा खुंट दिलात, आणि बांधायला लागतं तेवढं सोपट त्याच्याच अंगाला गुंडाळून दिलंत. आणि ते मी वडिलांना चिखलात पुरू दिलं.

की मी भलताच अर्थ काढतो आहे? घाई होती. गाडी उभी होती. भरलेली आणि न भरलेली रोपं एकत्रच गुंडाळली असतील, हाताला आलं ते दिलं असेल. तसं असेल तर बोलणंच संपलं. किंवा तुम्हाला वाटलं असेल, ह्याला काय कळतंय, दे एक झाड. तसं असेल तर मी गेली तीस वर्षं बरोबर रागावलो होतो. पण तिसरंही असू शकतं, आणि तेच मला झोपू देत नाही: की ज्याला शिकवायची गरज होती त्याला तुम्ही चाकू दिलात, आणि ज्याला गरज नव्हती त्याला खुंट. मग तोंड का शिवलं होतं? "हा भर" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? बैल काही तेवढ्यात जालन्याला पोचले नसते! वडिलांशी माझा सारा वाद त्या दोन शब्दांअभावी झाला. मला तुमचा शिष्य म्हणवून घेता आलं असतं किंवा स्पष्ट नाही म्हणता आलं असतं. दोन्हींपैकी एकही तुम्ही माझ्यासाठी ठेवलं नाही.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अवं, मोसंबीला तुम्ही ताण देता न्हाई का? पाणी तोडता, पानं गळू देता, मंग बहर फुटतो. तसा दिला आसंल मास्तरानं तुम्हाला ताण." ऐकायला छान आहे, पण साफ चूक आहे. ताण दिल्यावर वेळेवर पाणी सोडावं लागतं. न सोडलं तर त्याला ताण म्हणत नाहीत, वाळवणं म्हणतात. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुम्ही वाळले न्हाई ते कसे?" आणि कोंबड्यांच्या मागे निघून गेली.

हे पत्र मी आधी उर्दूत लिहायला घेतलं होतं, कारण तुम्हाला मराठी बोलता यायची, वाचता यायची नाही. चार ओळींत अडलो. हाताची सवय मोडली आहे. 'खुंट'ला तुम्ही उर्दूत काय म्हणायचात तेही आठवेना; बहुधा तुम्हीही खुंटच म्हणायचात. मग मराठीत लिहिलं, म्हणजे तुम्ही असतात तरी वाचू शकला नसतात. आता हे रोपांच्या चिठ्ठ्यांच्या डब्यात राहील.

एक राहिलं. बुडाची माती काढताना जुन्या खोडाला मुळाजवळून फुटलेला एक फुटवा दिसला, सरळ, पेन्सिलीएवढा. असे फुटवे मी दिसले की मोडतो. दुसऱ्यांनी ठेवले तर त्यांना चार शब्द ऐकवतो. हा मोडला नाही. त्याचे वीतभर काटे काढले, चांगल्या झाडाची गोल काडी आणली आणि एक डोळा भरला. प्लास्टिकची पट्टी खिशात होती, ती वापरली नाही. केळीचं सोपट भिजवून घेतलं. मुलाला एवढंच म्हटलं, खोलीला दुसरी जागा बघ. त्यानं का म्हणून विचारलं, मी कारण दिलं नाही. आता त्याला बरेच दिवस होऊन गेले. देठ पिवळा पडला आहे, पण अजून जागेवर आहे. मी रोज सकाळी जातो, उकिडवा बसतो, बघतो आणि उठून येतो. तालुक्याला मी देठाला बोट लावायला शिकवलं, मास्टरसाब. ह्या एका देठाला बोट लावायचा मला धीर होत नाही.